विदाउट इश्यू

"इश्यू या शब्दाचे अर्थ किती?" तरुण वकिलाने विचारलं.

प्रश्न साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या भाषांतरकारांना होता. तीस वर्षं ते याच कोर्टात जुन्या इंग्रजी कागदांची भाषांतरं करत होते. वकील मंडळी त्यांना 'शब्दकोश' म्हणत आणि ते खुशीत हसत. चार महिन्यांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली. तेव्हापासून ते जेवत होते, झोपत होते, ऑफिसला एक दिवस उशीर नव्हता. "साहेबांनी छान सावरलंय हो," असं टायपिस्ट बाई सगळ्यांना सांगत. त्यांच्यापर्यंत ते आलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती.

"जुन्या इंग्रजीत बरेच आहेत," ते म्हणाले. "बाहेर पडणं. बाहेर पडायची वाट. जखमेतून वाहणारा पू. एखाद्या गोष्टीचा शेवट. कोर्टातला वादाचा मुद्दा. आणि संतती."

"आणि हल्ली?"

"हल्ली आमच्या ऑफिसात 'काही इश्यू नाही' म्हणतात. म्हणजे अडचण नाही."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशबाईंनीही ओठ दाबले.

वाद एका घराचा होता. सत्तर वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याने मृत्युपत्र केलं होतं: घर विधवा सुनेला, पण ती 'विदाउट इश्यू' मेली, तर भावाच्या वंशाकडे. तेव्हा तिला तीन वर्षांची मुलगी होती. ती सहाव्या वर्षी वारली. पुढे कितीतरी वर्षांनी सुनेने दोन वर्षांची एक पोर घरी आणली, पोटच्या मुलीसारखी वाढवली. रीतसर दत्तक घ्यायचं मात्र आज करू उद्या करू करत राहून गेलं. सून गेल्या वर्षी पंच्याण्णवाव्या वर्षी गेली. जाताना घर त्या पोरीच्या नावावर लिहून गेली. ती पोर आता साठीची, घरातच शिवणकाम करणारी बाई. आणि भावाचे पणतू म्हणत होते, घर तिचं नव्हतंच, तर ती देणारी कोण?

आदल्या दिवशी शिवणवाल्या बाईने भाषांतरकारांना कोर्टाच्या जिन्यात गाठलं होतं.

"दादा, खोटं सांगा असं नाही म्हणत मी," ती म्हणाली होती. "पण त्या शब्दाचा आमच्या बाजूचा एखादा अर्थ निघत असेल, तर तेवढा विसरू नका."

"नाही विसरणार."

आणि खरोखरच त्यांनी दुपारभर जुने कोश, जुने निकाल पालथे घातले होते.

"त्या बाईंना मूल झालं होतं," तिचा वकील आता कोर्टात म्हणाला. "मग त्या 'विदाउट इश्यू' गेल्या, असं कसं म्हणता येईल?"

"मूलच कधी झालं नाही, या अर्थानेही हा शब्द वापरलेला आहे. मला दोन ठिकाणी सापडला."

मागच्या बाकावर शिवणवाल्या बाईने मान वर केली.

"आणि या मृत्युपत्रात?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"इथे 'मेली तर' असं लिहिलंय. अशा वाक्यात मूल झालं होतं का, हा प्रश्न नसतो. मरताना मागे कोण होतं, एवढंच बघतात."

"आणि आधी गेलेलं मूल?"

"ते धरत नाहीत."

"खात्री आहे तुमची?"

"हो."

आवाज कुठे अडखळला नाही. कठड्यावर ठेवलेला हात त्यांना दिसला. तो आपलाच आहे हे कळायला जरा वेळ लागला.

निकाल पुढच्या तारखेला लागायचा होता, पण आता कुणाला तो ऐकायची घाई उरली नव्हती. बाहेर शिवणवाली बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ते जवळ जाऊन उभे राहिले.

"मी विसरलो नाही," ते म्हणाले.

"ऐकलं मी." ती रागावलेली दिसत नव्हती. "ताई असती तर माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी असती. आईने तिचे फ्रॉक ठेवले होते, ते मला घातले. घरात आम्ही दोघी आहोत, असंच धरून चालायची ती." मग म्हणाली, "घर लगेच सोडावं लागेल?"

"मुदत मागता येते. अर्ज मी लिहून देतो."

तिथेच बाकावर बसून त्यांनी अर्ज लिहून दिला.

घरी पोचले तेव्हा दार उघडं होतं. आरोग्य खात्याची एक मुलगी पाहणीचा फॉर्म घेऊन खुर्चीच्या कडेवर टेकली होती.

"घरात माणसं किती?"

"दोघं," पत्नी म्हणाली.

"मुलं?"

"एक मुलगी."

"वय?"

"गेल्या आठवड्यात अठ्ठाविसावं लागलं."

"इथेच असते का?"

पत्नीने त्यांच्याकडे पाहिलं. ते बुटांच्या नाड्या सोडत होते. त्यांनी दुसरी नाडीही सोडली.

"इथे नसते," ते म्हणाले. "नाव लिहायचंय?"

"सांगा ना."

त्यांनी नाव सांगितलं. मुलीने भराभर लिहिलं. ते पायमोज्यांनीच तिच्या खुर्चीमागे गेले.

"वेलांटी दुसरी," ते म्हणाले. "दीर्घ आहे ती."

मुलीने अक्षर खोडलं. ती ते पुन्हा लिहीपर्यंत ते तसेच वाकून उभे राहिले.