एक कान उघडा

"बाळ झालं की हा यंत्रमानवांचा खेळ सुटलाच म्हणून समज. तुला कुणी घेणार नाही," असं वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, म्हणाल्या होत्या. मी मनावर घेतलं नाही.

खेळ असा: संगणकाच्या पडद्यावर दोन्हीकडे पाच-पाच राक्षसी यंत्रमानव, प्रत्येक जण आपापल्या घरून खेळतो. आमच्यातल्या चौघांकडे तोफा. माझा मात्र किडकिडीत, त्याला नुसते कान. रडार लावणाऱ्याला शत्रू दिसतो खरा, पण त्याच लहरींवरून त्याचा स्वतःचाही पत्ता लागतो. तो पत्ता ऐकून सांगणं हे माझं काम.

उपांत्य सामना शनिवारी दुपारी होता. बाळ पायाशी पाळण्यात, माझ्या एका कानावर हेडफोन, दुसरा बाळासाठी उघडा. कप्तानाला तेच खुपायचं. "दोन्ही कान इथे नसतील तर अंतिम सामन्यात तुझी जागा दुसऱ्याला," असं त्यानं बजावलंच होतं.

सामना सुरू होतो न होतो तोच समोरच्यांनी रडारला फसवणारा जॅमर लावला. गोवर उठावा तसे आमचे पडदे खोट्या ठिपक्यांनी भरले.

"सगळ्यांनी रडार लावा," कप्तान म्हणाला.

"नको. आहे तेही बंद करा."

"कप्तान कोण आहे?"

"तूच. तरी बंद कर. जॅमर रडारपेक्षा मोठ्यानं बोंबलतो. बोंबलू दे, मी ऐकतेय."

"बाईसाहेब म्हणतात तर केलं बंद," पहिलवान म्हणाला. हा आमचा एक तोफवाला, एरवी दातांचा डॉक्टर. त्याच्यामागून बाकीच्यांनीही केलं.

एका जागेवरून आवाजाची नुसती दिशा कळते. दुसरीकडून पुन्हा ऐकलं, की दोन रेषा जिथे छेदतात तिथे तो जॅमरवाला. म्हणून बिनतोफेचा तो जीव घेऊन मी उघड्या मैदानातून पळत सुटले, आणि नेमकं तेव्हाच बाळानं भोकाड पसरलं.

"माइक बंद कर," कप्तान.

"नाही करणार. जागा मग कोण सांगेल, तुझे काका?"

पायानं पाळणा हलवत मी दुसरी रेषा धरली. "धरणाची भिंत. मागे, डावा कोपरा."

पहिलवानानं सगळी क्षेपणास्त्रं तिथे ओतली. ठिपके पुसले गेले. जॅमरच्या भरवशावर खुशाल मोकळ्यावर आलेले उरलेले चौघे आयतेच सापडले.

जिंकल्यावर कप्तान म्हणाला, "अंतिम सामन्याला तरी दोन्ही कान..."

"एकच. नको असेल तर आत्ता सांग."

"ती नाही तर मीही नाही," पहिलवान.

कप्तान म्हणाला, "बरं. पण पोराला आवाज कमी करायला सांग."

"तूच सांग. ऐकलं तर मलाही शिकव."

संघातली माझी जागा राहिली. पण माझ्याआधी ती चिमणीची होती. तिचं खरं नाव आमच्यात कुणालाच माहीत नाही. बाळ झालं आणि ती येईनाशी झाली. तिला कुणी काढलं नाही, असं कप्तान म्हणतो. खरंय, कुणी विचारलंही नाही. मी पाठवलेला निरोप तिनं अजून उघडलेला नाही. खेळात गप्प बसलेला लपलेला असतो. घरात गप्प बसलेलीचं मला काही सांगता येत नाही. तुमच्या शेजारी अशी कुणी असेल, पूर्वी खेळणारी, हल्ली दार न उघडणारी, तर आज बेल वाजवून बघा. बाळाला थोडा वेळ घ्या, आणि आधी ती कशी आहे ते विचारा.