पहिल्या तारखेची ठणठण

वर्षाच्या पहिल्या दिवशी ताटल्या का वाजवायच्या, हे धुलाईत, म्हणजे चादरी धुण्याच्या कारखान्यात, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. वाजवायच्या म्हणजे वाजवायच्या. दुपारी बाराला पोराबाळांसकट कारखान्याच्या अंगणात जमायचं, स्टीलच्या ताटलीवर कानाचे पडदे फाटेस्तोवर चमचा हाणायचा, मग साहेबांचे चार शब्द ऐकायचे, गोडाची पुडी घ्यायची आणि घरी जायचं. धुलाईचं बघून गल्लीतल्या बाकीच्या कारखान्यांनी तेच सुरू केलं, आणि त्यांचं बघून गावानं. आता तर पहिल्या तारखेला बारा वाजले की सगळं गाव असं काही ठणठणायचं, की झाडांवरची पाखरं उडून जात आणि दिवस कलला तरी परतत नसत.

या वर्षी धुलाईला पन्नास वर्षं होत होती. दाराशी एक मोठा फलक लावावा असं साहेबांच्या मनात आलं. ‘आपला पहिला दिवस : सुरुवात कशी झाली.’ घडीखात्यात चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायकांत एकीचंच अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. बॉयलरवाल्याची बायको. काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं.

"चार दिवस आधी लागला पाहिजे," साहेब म्हणाले. "रंगवून बिंगवून. लोकांना आवडेल असं गोडसं लिही."

"पण झाली कशी सुरुवात, साहेब?"

"ते तूच शोध की. मला येऊन सहाच वर्षं झाली."

ती शोधायला लागली. कडेवर दीड वर्षाची ठमी, हातात वही. ठमीला दिवसभर चादरींच्या गाड्यात बसवून ठेवायची सोय होती, आणि गाड्यातून बाहेर काढलं की ती प्रत्येकाच्या नाकाला हात घालायची.

इस्त्रीच्या गरम रोलरवर चादरी सोडणारी म्हणाली, "पहिल्या मालकाला सात मुलींवर मुलगा झाला ना त्या दिवशी. बापानं हर्षानं ताटली बडवली."

"सात मुली कुठल्या? त्यांना मूलच नव्हतं," गाडीवाला मध्येच म्हणाला. "अगं, वर्षाच्या पहिल्या दिवशी हॉटेलातली माणसं दुपारपर्यंत लोळत असतात. चादरी त्यांच्या अंगाखाली. मग धुणार काय? रिकामा न्हावी, दुसरं काय."

राखणदार म्हणाला, "भुतं पळवायला."

"कसली भुतं?"

"मला काय माहीत? पळाली ना पण."

तिनं तिन्ही लिहून घेतली. घरी आली तेव्हा सासूबाई ठमीसाठी भात कालवत होत्या. त्यांनी तीस वर्षं त्याच रोलरवर काढलेली. त्यांच्याइतकं जुनं माणूस आता धुलाईच्या ओळखीत उरलं नव्हतं. तिनं विचारलं, आणि सासूबाईंचा घास भरवणारा हात वाटेतच थांबला. ठमी तोंड उघडून बसली.

"कुणी सांगितलं लिहायला?"

"साहेबांनी."

"मग साहेबांनाच विचार."

एवढं बोलून त्यांनी जे तोंड मिटलं, ते मिटलंच. एरवी आमटीत मीठ कमी पडलं तरी पाऊण तास बोलणारी बाई. दोन दिवस त्या नुसती कामं उरकत राहिल्या आणि कारखान्याच्या चिमणीकडे खिडकीतून बघत राहिल्या. सुनेला ते काही बरं वाटेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा पाळीवरून आला. नखांतला कोळसा घासता घासता सहज म्हणाला, "म्हातारा हल्ली पाणी फार प्यायला लागलाय." म्हातारा म्हणजे बॉयलर. त्याला सगळे म्हातारा म्हणत. "पूर्वी एका पाळीत चारदा सोडायचो, आता आठदा सोडतो. उतारवयात सगळ्यांचं असंच होतं का गं?"

सासूबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"जास्त पाणी घेतोय त्याला."

"असतील दोन-अडीच महिने."

"आणि जातं कुठं ते?"

"जातं कुठंतरी वाफ होऊन. जुनं धूड आहे, आई."

"आत शेवटचं कोण गेलं होतं?"

"आत म्हणजे?"

"त्याच्या पोटात."

नवऱ्यानं आईकडे अशा नजरेनं पाहिलं, की हिला आता डॉक्टरला दाखवावं. "आई, पोटात आग असते त्याच्या."

सासूबाई खाली बसल्या, भिंतीला टेकून. ठमी जाऊन त्यांच्या मांडीत शिरली. मग त्यांनी सांगितलं, ठमीच्या केसांतून बोटं फिरवत, भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी म्हातारा फुटला होता. हा नव्हे, याच्या आधीचा. बाहेरून रंग चकचकीत, आणि आतून पत्रा कागदाएवढा झालेला. तिघं गेले. त्यातले एक त्यांचे थोरले दीर. "ओळखायला मला बोलावलं. चपलेवरून ओळखलं. चेहऱ्याकडे मी बघितलं नाही, बघण्यासारखं नव्हतंही." नवा बॉयलर बसला, भट्टी पेटवायची वेळ आली, आणि अकरा बायका दारात आडव्या बसल्या. आमची माणसं पाठवणार नाही. मालक म्हणाले, तपासणीचा कागद दाखवतो. बायका म्हणाल्या, कागद तेव्हाही होता.

"आम्हाला वाचता येत नव्हतं, पण कान होते. म्हटलं, वर्षातून एकदा याला थंड करा. मिस्त्रीला आत उतरवा, हातोडीनं पत्रा न् पत्रा ठोकू द्या, आणि आम्ही बाहेर भिंतीला कान लावून बसतो. चांगला पत्रा घंटेसारखा बोलतो. खाल्लेला बोलत नाही. ऐकलं की मगच आमची माणसं आत. आता दिवस कुठला? माल येत नाही असा वर्षात एकच. पहिला."

अर्धा दिवस लागायचा, म्हणून बायका डबे नेत. पोरं कंटाळून डब्याच्या ताटल्या बडवायची. आतून मिस्त्रीची ठण, बाहेरून यांची ठण. शेवटचा पत्रा बोलला की आया रडायच्या आणि मालक गूळ वाटायचे. झाली सुरुवात.

"मग हातोडी थांबली कधी?" सुनेनं विचारलं.

सासूबाईंनी बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. "तेच आठवत नाही बघ. मंडप आला, भोंगा आला, सगळं गाव वाजवायला लागलं. मीही वाजवत होते, बाई. बाहेर एवढी ठणठण, की आतली कधी बंद पडली ते कळलंच नाही."

नवऱ्यानं हात पुसायचे म्हणून फडकं घेतलं होतं, ते तसंच हातात राहिलं. मग तो म्हणाला, "मी लागून आठ वर्षं झाली. एकदाही विझलेला नाही. पहिल्या तारखेला दवाखान्याचा माल असतो. दवाखान्याला कसला आलाय पहिला दिवस?"

तिला गेल्या वर्षीचं अंगण दिसलं. थंडी होती, आणि बॉयलरखोलीची भिंत कशी छान ऊबदार. सगळी पोरं त्या भिंतीला पाठ लावून रांगेनं बसलेली. ठमी तेव्हा सहा महिन्यांची. तिला दुपट्यात गुंडाळून तिनं स्वतःच्या हातांनी त्या भिंतीपाशी निजवलं होतं. तशा गलक्यातही किती गाढ झोपली, याचं कौतुक तिनं चार जणींना सांगितलं होतं.

सकाळी ती साहेबांकडे गेली. साहेबांनी भिंतीवरची चौकट दाखवली. तपासणीचं प्रमाणपत्र, शेजारी मागच्या वर्षीचं, त्याशेजारी त्याच्या मागचं. सह्या एकाच हाताच्या.

"आत कोण उतरलं होतं, साहेब?"

"इन्स्पेक्टर."

"न विझवता?"

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. रोलरवर कुणाचा हात भाजला तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणारा होता, आणि त्याची दोन्ही मुलं दर वर्षी त्याच अंगणात ताटल्या घेऊन यायची. "हे बघ, थंड व्हायला दोन दिवस, तपासायला एक, परत पेटवून वाफ धरायला एक. तेवढे दिवस पेशंटना काय वर्तमानपत्रावर झोपवू? तू फलक कर. राखणदाराची भुतंबितं घाल, मजा येईल."

दोन रात्री, ठमी झोपली की तेवढ्या वेळात, स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरून तिनं फलक रंगवला. सासूबाईंनी सांगितलं तसंच, कमी नाही जास्त नाही. खाली एकच ओळ स्वतःची घातली : ‘शेवटचं आत कोण गेलं होतं, हे ज्याला आठवत असेल त्यानं सांगावं.’

नवऱ्यानं उभ्या उभ्या वाचला. "हा लावलास तर उद्यापासून आपण दोघंही घरी."

"घरी असलेलं बरं," ती म्हणाली.

वर्ष संपायला चार दिवस असताना, सकाळच्या पाळीआधी तिनं तो दाराला बांधला. गाडीवाल्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. तो निम्म्यावर आला तेव्हा चेष्टामस्करी थांबली, आणि शेवटच्या ओळीनंतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. कुणालाच आठवेना. रोलरवाली पहिली बसली, तिथंच, दारात. मग घडीखातं बसलं. ठमीला घेऊन सासूबाई आल्या आणि त्यांच्यात बसल्या. ज्या आत निघाल्या होत्या त्याही वळल्या.

साहेब आले. "बायांनो, माल पडलाय."

"पडू द्या," सासूबाई म्हणाल्या. "चादरीला काही होत नाही."

साहेब समजावत राहिले. आवाज चढला, मग उतरला. तासाभरानं बॉयलरखोलीतून नवरा बाहेर आला. घामानं निथळत होता.

"आग ओढली, साहेब. भट्टी रिकामी केली."

"कुणाच्या हुकमानं?"

"पातळीच्या काचेत पाणी दिसेनासं झालं म्हणून ओढली, असं लिहा हवं तर."

"खरंच दिसेनासं झालं?"

नवऱ्यानं बाहीनं कपाळ पुसलं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि दवाखान्याला फोन लावायला आत गेले.

म्हातारा थंड होत राहिला. तीन दिवस त्याच्या पोटातून काहीबाही कडकडायचं, घरात कुणी दिसत नसताना जिना वाजावा तसं. ज्यांची घरं जवळ होती त्यांनी पोरं लांबच्या नातेवाइकांकडे ठेवली. कुणी कुणाला ठेवायला सांगितलं नव्हतं.

पहिल्या तारखेला अंगणात मंडप नव्हता, भोंगा नव्हता. मिस्त्री आला, सत्तरीचा, काटकुळा. एके काळी हाच आत उतरायचा. माणूस जेमतेम शिरेल एवढ्या भोकातून त्याला खांदे तिरके करून आत सोडलं, मागून कंदील दिला. बायकांनी भिंतीला कान लावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती भिंत गार होती.

ठण. ठण. ठण.

सासूबाईंनी डोळे मिटले होते. प्रत्येक ठोक्याला त्यांची मान किंचित हलत होती. एक ओळ झाली, दुसरी झाली. मिस्त्री खाली तळाकडे सरकला असावा, कारण आवाज लांबला. ठण. ठण. मग काहीच नाही.

त्या थांबल्या. सगळ्याच थांबल्या. बराच वेळ गेला.

भोकातून मिस्त्रीचं डोकं बाहेर आलं, मग हात. हात रिकामे होते.

"हातोडी?" नवऱ्यानं विचारलं.

"खाली गेली," मिस्त्री म्हणाला. "पत्र्यातून. जोरात मारलीही नव्हती."

साहेब पायरीवर बसले. सकाळपासून हातात धरलेली गोडाची पुडी त्यांनी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली. तिनं नवऱ्याची बाही धरली आणि सोडेचना. कुणी हर्षानं ओरडलं नाही.

तेवढ्यात बारा वाजले, आणि गाव ठणठणायला लागलं.

शेजारच्या दूध कारखान्यातून सुरू झालं, मग रंगाच्या, मग पावाच्या भट्टीतून. भोंगे, टाळ्या, ताटल्या. धुलाईच्या अंगणात एवढी शांतता होती, की बाकीचं सगळं अंगावर आल्यासारखं ऐकू येत होतं. तिनं वर पाहिलं. तिन्ही चिमण्यांतून धूर निघत होता, सरळ, जाड.

"मिस्त्रीकाका," ती म्हणाली, "तिथं आत कोण जातं?"

मिस्त्री पाणी पीत होता. त्यानं भांडं खाली केलं. "बावीस वर्षांत मला कुणी बोलावलं नाही," तो म्हणाला. "प्रमाणपत्रं आहेत म्हणे. हाच इन्स्पेक्टर."

तिनं कडेवरच्या ठमीला सासूबाईंच्या हातात दिलं. "आई, हिला माळावर घेऊन जा. आत्ता. या सगळ्यांनाही न्या."

"आणि तू?"

ती पळत सुटली होती. मागून नवऱ्याची पावलं येत होती. दूध कारखान्याचं दार सताड उघडं, अंगण माणसांनी फुललेलं, आणि पलीकडच्या भिंतीला पाठ लावून पोरं रांगेनं बसलेली, गाल लाल, पुढ्यात ताटल्या. ती ओरडली. आग ओढा, पोरांना उठवा. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही. तिनं हात हलवले. नवऱ्यानंही हलवले. पोरांनी पाहिलं, धुलाईतली माणसं हात उंचावून धावत येतायत, आणि त्यांना हुरूप आला. त्यांनी दुप्पट जोरानं वाजवायला घेतलं. रांगेतली एक मुलगी, ठमीहून थोडी मोठी, हसत हसत बाजूला सरकली, भिंतीपाशी जागा केली आणि आपला चमचा तिच्यापुढे धरला.