वाटीत पडलेला घास

कल्पना करा बाळांनो, तुम्ही अकरा वर्षांचे आहात. शहर अनोळखी आहे, रस्ता तापलाय, तुमच्या मुठीत सहा वर्षांच्या भावाचा, खांगचा, घामेजलेला हात आहे, आणि पुढे मावशीआजी झपाझप चालली आहे. ह्वे शहरात क्वेनची सकाळ अशीच चालली होती.

आईची ही मावशी तिला कालच पहिल्यांदा भेटली. आज आईला काम होतं. निघताना तिने क्वेनला बजावलं होतं, "खांगच्या तोंडात शेंगदाण्याचा कणही जाता कामा नये." गेल्या नववर्षाला शेंगदाण्याच्या एका वडीने त्याचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. दवाखाना समोरच होता म्हणून निभावलं. इथे दवाखाना नदीपलीकडे.

"पाय उचला रे!" मावशीआजी म्हणाली. "ह्वेत एका जागी पोट भरायचं नसतं. इथे दोन घास, तिथे दोन घास."

पहिल्या दुकानात इवल्याशा बशांतून वाफवलेल्या तांदळाच्या चकत्या आल्या, वर सुक्या कोळंबीचा चुरा. क्वेनने शेंगदाण्यांचं विचारलं, मालक 'नाही' म्हणाला, आणि खांगने नऊ बशा चाटूनपुसून संपवल्या. दोन गल्ल्या ओलांडून शिंपल्यांचा भात. त्यात शेंगदाणे उघड दिसत होते. तिने भावाचा वाडगा आपल्याकडे ओढला.

"किती तो बाऊ! आमच्या वेळी पोरं दगड पचवायची," मावशीआजी फणकारली. "आता होआनकडे जायचंय. चाळीस वर्षांची मैत्रीण आहे माझी. तिथे यात काय नि त्यात काय विचारून माझं नाक कापू नकोस."

होआनआजीकडे कुरकुरीत पिवळी धिरडी आली, सोबत दाट तपकिरी चटणी. मावशीआजीने एक तुकडा पाल्यात गुंडाळला, चटणीत बुचकळला आणि खांगच्या वाटीत ठेवला. "खा रे राजा."

मोठ्यांनी वाटीत घातलेलं नाकारायचं नसतं, हे क्वेनला बोलायला लागल्यापासून ठाऊक होतं. तिने चटणी हुंगली. तीळ होते. आणखी काही? कळेना.

"मावशीआजी, यात..."

"क्वेन!" मावशीआजीने डोळे वटारले.

घास खांगच्या ओठांशी पोचला. क्वेनने त्याच्या हातावर फटका मारला. जेवणाच्या काड्या उडाल्या, वाटी फरशीवर फुटली. दुकानातले सगळे वळून पाहू लागले.

"होआनआजी, चटणीत शेंगदाणे आहेत?"

"आहेत म्हणजे? त्यांच्याशिवाय एवढी दाट कशी होईल?" चुलीपाशी उभी होआनआजी हसली. मग खांगचे ओठ पुसणारी क्वेन दिसली आणि तिचं हसू विरलं.

"गिळलंस?" क्वेनने भावाला विचारलं.

"नाही. नुसतं लागलं."

पाण्याने खळखळून चूळ भरायला लावून क्वेन त्याच्या छातीला कान लावून बसली. एक, दोन, तीन... तीनशेपर्यंत मोजलं. ओठ सुजले नाहीत. श्वास सरळ चालला होता.

"मला वाटलं, दिसले नाहीत म्हणजे नसतील," मावशीआजी पुटपुटली. तिने चटणीची वाटी दूर सारली.

"ताई, भूक लागलीय," खांग म्हणाला.

क्वेन उठली, भावाला मावशीआजीच्या मांडीवर बसवलं आणि तडक चुलीपाशी गेली. "होआनआजी, आधी हात धुवा. मग कढई घासा. धिरडं माझ्यासमोर घाला."