बंगल्यातली आखाजी

मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. तीन पायांचा, रॉकेलवर चालणारा, पंप मारून पेटवायचा. धुळ्यात सहाव्या गल्लीतल्या एका घरात मी फळीवर बसलेला असतो. आता घरोघरी गॅस आहे, त्यामुळे येणारा-जाणारा माझ्याकडे कौतुकाने पाहतो आणि विचारतो, "अजून जपून ठेवलाय?"

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना बहुतेक एकच रडगाणं गातात. आम्ही एवढी सेवा केली आणि आम्हाला अडगळीत टाकलं, म्हणतात. मला कोणी टाकलं नाही. टाकलं असतं तर बरं झालं असतं. का, ते सांगतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून माझी टाकी केली, डाग देऊन तोटी बसवली, मग हवा भरून मला पाण्यात बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही तेव्हा मला खोक्यात घातलं. ऐंशी साली मी धुळ्याच्या बाजारात आलो. मंजुळाबाईने मला निवडलं. तिने दुकानदाराला तीन स्टोव्ह पेटवायला लावले आणि डोळे मिटून तिघांचा आवाज ऐकला. "हाऊच," ती म्हणाली, म्हणजे हाच. सोबत तिचे यजमान होते, अभिमन. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर. सगळे त्यांना नाना म्हणत.

पहिली काही वर्षं चांगली गेली. पहाटे चहा, मग नानांचा डबा, मुलांचा डबा, दुपारी डाळ, संध्याकाळी परत भाकरी. माझ्या तोंडाचं बारीक भोक काजळीने बुजलं की पिन मारावी लागते. मंजुळाबाई ती पिन माझ्याकडे न बघता मारायची, आणि मी लगेच फर्र करून पेटायचो. पिना आणि चामड्याचे वायसर ती एका चपट्या पत्र्याच्या डबीत ठेवायची. ती डबी लक्षात ठेवा.

चौऱ्याऐंशी साली नानांची आई वारली. वडील आधीच गेले होते. नानांना दोन बहिणी, थोरली लताबाई शिरपूरला दिलेली आणि धाकटी वच्छलाबाई सोनगीरला. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. आखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, पुरणाचे मांडे खातात. आणि माहेरी आलेल्या लेकीने कामाला हात लावायचा नसतो. आईच्या तेराव्याला दोघी बहिणी रडत होत्या, आता आमची आखाजी संपली म्हणून. नानांनी शब्द दिला, "माय गयी, पन तुमनं माहेर गयं नही. मी शे."

शब्द चांगला होता. नाना माणूस वाईट नव्हते. पण तो शब्द पाळायचा कोणी, हे त्यांनी त्या वेळी पाहिलं नाही. मंजुळाबाई तेव्हा आत माझ्यासमोर बसून पंचवीस माणसांचा चहा करत होती.

आखाजीच्या सुमाराला जिनिंगचा हंगाम संपतो आणि नानांना सुट्टी असते. धुळ्यात तेव्हा उन्हाने कौलं तडकतात. पंच्याऐंशी साली नानांना सुचलं की सगळ्यांनी मिळून थंड हवेच्या सापुताऱ्याला जावं. दोन्ही बहिणी, त्यांची मुलं, आपली मुलं, लहानमोठे चौदा जण. तिथे एका व्यापाऱ्याचा बंगला मिळत होता. पाच खोल्या, मोठा व्हरांडा, दारात झोका बांधायला आंबा. "बंगला म्हणजे आपलं घरच," नाना म्हणाले. घरच असल्यामुळे सामानात सगळ्यात आधी मला बांधलं. बंगल्याच्या स्वयंपाकघरात नुसता ओटा होता.

तिथे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. बाहेर आंब्याला झोका, वर थंड वारा, आणि आत मी व मंजुळाबाई. चौदा माणसांचा चहा संपतो तोवर नाश्ता, नाश्ता संपतो तोवर भाजी. बहिणी माहेरी आल्या होत्या, त्यांनी हात लावायचा नव्हता. त्यांची चूक म्हणावी तर रीतच तशी. सापुताऱ्याला तलाव आहे, हे मंजुळाबाईने मुलांच्या तोंडून ऐकलं.

चौथ्या दिवशी शेवटची पिन मोडली. मी विझलो. नाना सगळ्यांना घेऊन तलावावर गेले होते. बंगल्याच्या राखणदाराने सांगितलं की समोरच्या हॉटेलातला आचारी स्टोव्ह नीट करून देतो. मंजुळाबाई मला पदराखाली धरून तिकडे गेली.

आचाऱ्याने मला दुरुस्त केलं आणि नव्या पिनाही दिल्या. पण तो हातातलं काम संपवेपर्यंत तिला थांबावं लागणार होतं. हिलाल नावाचा पिंपळनेरकडचा एक म्हातारा वेटर होता, तो तिला पुढच्या मोठ्या खोलीत घेऊन गेला. त्या खोलीला तिथले लोक लाउंज म्हणत. मधलं दार उघडं होतं, त्यामुळे आचाऱ्याच्या ओट्यावरून मला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. वेताच्या खुर्च्या, मोठी काच, काचेतून समोर तलाव. मंजुळाबाई उभीच राहिली.

"बस ना माय," हिलाल म्हणाला.

"मी हाटेलम्हा उतरेल नही, बाबा. समोरना बंगलामधनी शे."

"मंग काय झायं? खुर्ची काय ईचारस का?"

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. चार वाजले होते. हिलालने ट्रेमधून चहा आणला, सोबत दोन बिस्किटं. तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"कोनासाठे?"

"तुनासाठे. आठे चार वाजता बठ्ठासले चहा जागावरच येस." बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना.

दुरुस्त होऊन मी तिच्या पायाशी आलो तेव्हा ती खुर्चीत पूर्ण मागे टेकली होती. कप दोन्ही हातांत होता. पाच वर्षं मी तिच्यासाठी चहा उकळला होता, पण तिला गरम चहा पिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. निघताना तिने टेबलावरचं एक छापील माहितीपत्रक विचारून घेतलं. परत आलो तेव्हा व्हरांड्यात मुलं भुकेने कुरकुरत होती आणि वच्छलाबाई म्हणाली, "व वहिनी, कोठे हारपी गयथी? आम्हना पोटम्हा कावळा वरडी ऱ्हायनात." मंजुळाबाईने मला ओट्यावर ठेवलं आणि पंप मारला. ते पत्रक घडी करून तिने पिनांच्या डबीत ठेवलं.

त्यानंतर दर वर्षी चैत्र सरत आला की घरात बंगला की हॉटेल हा विषय निघायचा. नाना सगळ्यांना विचारायचे. विचारायचे हं, हुकूम नाही सोडायचे. बहिणी तोवर आलेल्या असायच्या. लताबाई म्हणायची, "नाना, हाटेलम्हा पाय पसराले तरी जागा ऱ्हास का? आनि झोका कोठे बांधसू, मॅनेजरना गळाले?" सगळे हसायचे. मंजुळाबाई भाकरी थापता थापता हळूच म्हणायची, हॉटेलात सकाळचा नाश्ता असतो, चारला चहा असतो, जागेवर येतो.

"चहासाठे कोनी हाटेलम्हा जास का?" नाना म्हणायचे. "चहा तं घर बी व्हस."

"आपोआप व्हत नही तो. करना पडस."

"वहिनीले आते मडम बननं शे!" वच्छलाबाई टाळी द्यायची.

"मले एक दुपार बसनं शे, बस," मंजुळाबाई म्हणायची. पण तेव्हा कोणीतरी झोक्याचा दोर शोधायला उठलेलं असायचं.

अजून एक गोष्ट होती. मंजुळाबाईचंही माहेर होतं, भडगावला. आखाजीला लेकीला आणायला माहेराहून माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. तिचा भाऊ धनसिंग दर वर्षी मुराळी होऊन यायचा. दर वर्षी सामान बांधलेलं पाहून चहा पिऊन परत जायचा. "औंदा बी सापुतारा?" तो विचारायचा. चार वर्षं आला. पाचव्या वर्षी आला नाही. त्या दिवशी मंजुळाबाई सारखी दाराकडे बघत होती आणि माझ्यावरचं दूध दोनदा उतू गेलं.

अठ्ठ्याऐंशी साली घरात गॅस आला. मला वाटलं, सुटलो. पण सिलिंडर काही प्रवासाला नेता येत नाही. म्हणून वर्षभर फळीवर, आणि सगळ्यांच्या सुट्टीत मी कामावर. निघण्याआधी मंजुळाबाई मला पांझरा नदीच्या पुलाजवळ हबीबभाईंकडे न्यायची. ते स्टोव्ह दुरुस्त करत. ते वायसर बदलायचे, तोटी घासायचे आणि मला थोपटायचे.

"भाभी, घरमें गॅस आ गया ना? मग या बुढ्ढ्याला का राबवता?"

"सापुताराले लई जानं शे, भाई. सुट्टीम्हा."

हबीबभाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "किसकी सुट्टी, भाभी?"

ती हसली. मला पिशवीत घालून घरी आली तेव्हा ते हसू उरलं नव्हतं.

त्र्याण्णव साली तिला धाप लागायला लागली होती. जिना चढून आली की माझ्या फळीला हात धरून उभी राहायची. त्या चैत्रात नाना स्वतःहून म्हणाले, "औंदा हाटेल. दोन खोल्या लिसू, तू न मी न पोरं. चार वाजता तुना चहा." त्यांनी हॉटेलला पत्रही टाकलं. मंजुळाबाईने ट्रंकेतलं एक निळं लुगडं काढून उन्हात घातलं. मला फळीवरून खाली काढलंच नाही. त्या आठ दिवसांत ती काम करताना गुणगुणत होती.

मग बहिणी आल्या. वच्छलाबाईने ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. "माय ऱ्हाती तं आसं व्हतं का?" एवढंच म्हणाली. नाना दोन तास ओसरीवर बसले. मग आत आले आणि मंजुळाबाईला म्हणाले, "पुढला साल नक्की." आणि हात वर करून त्यांनी स्वतः मला फळीवरून उतरवलं.

मंजुळाबाईने निळं लुगडं घडी करून ठेवलं. तिने भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्या वर्षीच्या बंगल्यात पंप मारताना ती तीनदा थांबली. समोर हॉटेलची काच दिसत होती.

पौषात ती गेली. छातीत कळ आली आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

मित्रांनो, आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या वर्षी मंजुळाबाईच्या नावाची घागर भरली. दोन्ही बहिणी आल्या. हात लावायचा नाही ही रीत दोघींनी त्या दिवशी मोडली. त्यांनीच रांधलं, आणि मीठ जास्त पडलं. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे घागरीसमोर बसले होते. नाना वाळले होते. लताबाईला त्यांची खरंच काळजी वाटली. ती म्हणाली, "नाना, चार दिन सापुताराले जाऊत. तुमले बी हवा बदल व्हई." आणि मग सहज, अगदी सहज म्हणाली, "पन औंदा हाटेलच बरं. बंगलाम्हा आते रांधी कोन?"

मग वच्छलाबाईच मान हलवत म्हणाली, "खरं शे. हाटेलच बरं."

नऊ वर्षं जो विषय सुटला नव्हता, तो एका वाक्यात सुटला. झोका कुठे बांधायचा हे कोणी विचारलं नाही.

नाना उठले. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते. त्यांनी मला फळीवरून खाली घेतलं. गॅस होता, तरी मलाच घेतलं. मी पेटलो नाही. वर्षभर पडून भोक बुजलं होतं. त्यांनी पिनेसाठी डबी उघडली आणि तळाशी त्यांना ते पत्रक सापडलं. घडीवर फाटलेलं, रॉकेलचे डाग पडलेलं. त्यात एका ओळीखाली काजळाने रेघ ओढली होती. नानांनी ती ओळ मोठ्याने वाचली. "दुपारी चार वाजता चहा जागेवर आणून दिला जाईल."

"हाई काय?" लताबाईने विचारलं. "वहिनी आम्हले कधी बोलनी नही."

"बोलनी," नाना म्हणाले. "दर साल बोलनी. आपीन हासनूत."

त्यांनी पिन मारली. तीन वेळा चुकली. मी पेटलो. चहा त्यांनी केला तो फार वाईट झाला, दूध लागलं होतं. पहिला कप त्यांनी घागरीसमोर नेऊन ठेवला, बशी पुसून, जागेवर. आणि ते समोर बसून राहिले. चहावर साय धरली. मग तो गार झाला. पाहुणे उठले, मुलं उठली. कप तसाच भरलेला होता.

सापुताऱ्याला कोणी गेलं नाही. त्यानंतर नाना मला दर आठवड्याला चिंचेने घासतात. मी इतका चकाकतो की त्यात त्यांचं तोंड दिसतं. दुपारी चारला ते चहा करतात, एक कप फळीखाली ठेवतात आणि तो गार झाला की मोरीत ओततात. मी हे रोज पाहतो. म्हणून म्हटलं, मला टाकलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला सांभाळा. मला नका सांभाळू. पितळ आहे, राहील. तुमच्या घरी मे महिन्यात कुठे जायचं हे ठरत असेल तेव्हा सगळे काय म्हणतात ते ऐका, आणि भाकरी थापता थापता कोणी हळूच काही म्हणालं तर हसू नका. आणि आज दुपारी चारला चहा तुम्ही करा. तिला उठू देऊ नका. ती गरम चहा पिते का, ते समोर बसून बघा.