सात, बदक, तीन

"सात, बदक, तीन," काका म्हणाले.

माझ्या पडद्यावर चार, डमरू, शून्य होतं.

"पुन्हा एकदा म्हणा, काका."

"सात. बदक. तीन." या वेळी सावकाश, कमी ऐकू येणाऱ्याला सांगावं तसं. "ताई, कान तपासून घ्या. वय झालं तुमचं."

पाणी शुद्ध करण्याच्या या केंद्रातला संगणक बाहेरच्या कशालाच जोडलेला नाही. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन किती सोडायचा हे तो ठरवतो, म्हणून परक्या कुणाचा हात त्याच्यापर्यंत पोचू नये अशी व्यवस्था. पण त्याची प्रणाली जुनी होत जाते, तिला डागडुजी लागतेच. ती मी दर तीन महिन्यांनी पेन ड्राइव्हमध्ये घालून बसने घेऊन येते. आणलेली फाइल अस्सल आहे की नाही, हे चौसष्ट चिन्हांच्या एका आकड्यावरून कळतं. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी सगळा आकडा बदलतो. हा आकडा मुख्य कचेरीतून टपालाने वेगळा येतो. आणलेल्या फाइलवरून संगणकही तो काढून पडद्यावर दाखवतो; इथला माणूस कागदावरून वाचतो आणि मी पडद्याशी ताडून पाहते. वाचणाऱ्याने पडदा पाहायचा नाही, मी कागद पाहायचा नाही.

अकरा वर्षं वाचणारे हे काकाच, इथले पंप सांभाळणारे. आकड्यात इंग्रजी अक्षरंही असतात, आणि पंपांच्या घरघरीत बी, सी, डी, ई सगळी एका माळेतली वाटतात. पहिल्या वर्षी त्यावरून दोनदा घोळ झाला, तेव्हा काका म्हणाले होते, "पहिलीचं पुस्तक काढा." तेव्हापासून बी म्हणजे बदक, सी म्हणजे ससा, डी म्हणजे डमरू, ई म्हणजे ईडलिंबू.

"सगळंच वेगळं येतंय, काका."

"म्हणजे?"

"म्हणजे फाइल खराब आहे. नाहीतर कुणीतरी हात लावलाय तिला."

ड्राइव्ह सकाळपासून माझ्या पिशवीतच होता. नियमाप्रमाणे मी तशीच परत जायला हवं होतं. त्याऐवजी उठले आणि कागद पाहिला.

कागदावर चार, डमरू, शून्य होतं.

वर तांबडा शिक्का होता: सुधारित. काकांनी कागद व्यवस्थित डोळ्यांपुढे धरला होता, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीवर होती.

शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बाई दारातून डोकावल्या. "तो सकाळच्या टपालाने आलाय हं. आधीचा रद्द. मी जुना काढून हा काकांच्या टेबलावर ठेवला, त्यांना सांगायचं राहिलंच." आणि गेल्या.

सांगायची गरज तरी काय होती? कागदावर असेल तेच वाचायचं.

काकांनी कागद हळूच टेबलावर ठेवला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"वर्ष होईल. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तुमची पिशवी दिसते, चेहरा नाही." थोडं थांबून म्हणाले, "तसं फार काही बुडालं नाही म्हणा."

मी हसले नाही. "मग मागच्या तीन वेळा?"

"टपाल आलं की कागद घरी नेतो. ही वाचते, मी पाठ करतो. चार दिवस लागतात. तीसपर्यंतचे पाढे म्हटलेला माणूस आहे मी. ही म्हणते, उभ्या संसारात माझं एक वाक्य लक्षात राहिलं नाही तुमच्या, बदकं बरी राहतात."

"आणि क्लोरीनचा काटा?" माझा आवाज नको इतका कोरडा निघाला.

"बाईंना विचारतो. त्यांना वाटतं मी त्यांची परीक्षा घेतोय." मग हळू आवाजात, "पंप कानाने कळतात, ताई."

"आणि बाई एखाद्या दिवशी रजेवर असल्या तर?"

त्यांनी टेबलावरचा कागद चाचपून सरळ केला.

काकांच्या निवृत्तीला आठ महिने होते. हे कळलं तर उद्यापासून त्यांना फाटकावरच्या खुर्चीत बसवतील, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या तक्त्यावर 'वाचणाऱ्याची सही' अशी एक रेघ होती. आकडा जुळतोय असं मला दिसलं होतं. सही त्यांना डोळे मिटूनसुद्धा करता आली असती.

"मी नाही वाचलं," काका म्हणाले. "न वाचलेल्याखाली सही कशी करू?"

त्यांनीच बाईंना हाक मारली. "या. आजपासून तुम्ही वाचायचं. फक्त बी म्हणायचं नाही, बदक म्हणायचं."

बाईंनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या वाचू लागल्या. दोनदा चुकून 'बी' म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा पाठमोरे काका "बदक" म्हणाले. चौसष्टच्या चौसष्ट चिन्हं जुळली. बाईंनी सही केली.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: वाचक बदलला.

"काय लिहिलंत?"

मी सांगितलं.

"कारण लिहा."

"वैयक्तिक कारण, असं लिहिते."

"दिसत नाही, असं लिहा. पंपावरच्या माणसाला दिसत नाही. सरळ."

मी लिहिलं. मग फाइल चढवायला लावली आणि पडदा काळा झाला. अशा वेळी वीस मिनिटं सगळं हाताने सांभाळावं लागतं. बाई काट्यापुढे बसल्या. काका पंपाच्या अंगावर तळहात ठेवून उभे राहिले.

"ताई," थोड्या वेळाने ते म्हणाले, "तो रद्द झालेला अख्खा डोक्यात बसलाय. म्हणून टाकू का?"

"म्हणा."

जुना कागद रद्दीच्या टोपलीत होता. तो काढून मी मांडीवर सपाट केला आणि पेन्सिल घेतली. कागदाचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा. ते जरा ताठ उभे राहिले.

"सात, बदक, तीन," त्यांनी सुरुवात केली. संथ, पंपाच्या ठोक्यावर. मी एकेका चिन्हाखाली खूण करत गेले. शेवटी ईडलिंबू होतं. ते म्हणून ते थांबले.

"जुळलं?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"जुळलं."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पंपाकडे कान दिला.