गदेचा कप्पा

"वस्ताद, फ्रीज बसंल तर ह्याच कप्प्यात बसंल," सुतारकाम करणारा दयानंद म्हणाला आणि मापाची टेप मिटवून खाली मान घालून उभा राहिला.

वस्ताद म्हणजे माझे वडील, आप्पा. ते सोफ्याच्या कडेला बसले होते. बोलला तो माझा भाऊ, शेखरदादा.

"मग बसव की! त्यात विचारायचं काय?"

हॉलच्या भिंतीभर ते तयार कपाट होतं. काचेची दारं, आत दिवे, सगळा थाट. दादाने बाटल्या ठेवायचा छोटा फ्रीज ऑनलाइन मागवला होता, तो खोक्यातून काढून जमिनीवर ठेवलेला. मागवताना त्याने कपाटाची बाहेरून रुंदी पाहिली. आतल्या फळ्या बघायला साहेबांना वेळ कुठे! डावीकडचे कप्पे अरुंद निघाले, उजवीकडे ड्रॉवर. राहिला मधला, उंच, बिनफळीचा. त्यात आप्पांची गदा उभी होती.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी कोळवणला माहेरी आले होते. थेंब घालायचे आणि परत जायचं, कशात तोंड घालायचं नाही, असं ठरवून आले होते. पण माझं तोंड कधी माझं ऐकतं?

"दादा, किचनमध्ये ठेव ना तो."

"किचनमध्ये कोण बसतंय, पिंकी? संध्याकाळी पुण्याची पार्टी येतीय प्लॉटसाठी. त्यांनी काय बीअर आणायला किचनमध्ये जायचं?"

आप्पांसमोर तो हे बोलला. इतक्या सहज, जणू ताक म्हणाला.

आप्पा म्हणजे भिकू पैलवान. खोऱ्यातली निम्मी पोरं त्यांच्या तालमीत वाढली. तालमीत यायचं तर आधी आखाड्यातली माती कपाळाला लावून शपथ घ्यायची, दारूला शिवणार नाही म्हणून. शपथ मोडली की बाहेर, मग तो सख्खा भाचा का असेना. दादा आखाड्यात कधी उतरलाच नाही, त्यामुळे त्याला शपथ नव्हती. त्याने पुढे प्लॉटिंगचा धंदा काढला आणि तालमीची जागाही जमिनीबरोबर गेली. तिथे आता कुणाचं तरी फार्महाऊस आहे. आखाडा होता तिथे पोहायचा तलाव केलाय. विकायच्या आदल्या दिवशी आप्पांनी तिथली वाटीभर लाल माती घरी आणली, ती गदेच्या पायाशी ठेवलेली असायची.

हे कपाट घ्यायला आप्पा हिंजवडीकडच्या दुकानात चक्क गदा घेऊन गेले होते. नुसतं माप सांगून त्यांचं भागेना. पंच्यात गुंडाळलेली चांदीच्या पत्र्याची गदा जीपमधून उतरवली आणि एकेका कपाटात उभी करून पाहिली. दुकानातली पोरं आधी हसली, मग शेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतले. ह्या कपाटात ती नीट मावली तेव्हा आप्पा म्हणाले, "हेच घ्या. बाकीचं काय भरायचं ते तुमी भरा." तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ झाली की काच उघडायची, वाकून वाटीतल्या मातीला बोटं लावायची, ती कपाळाला लावायची आणि मग चहा. गुडघे गेले तरी त्यांनी हे सोडलं नाही.

"आप्पा, तुम्ही नाही म्हणा ना," मी म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "कुनाच्या घरात न्हाई म्हनू?"

घर दादाच्या नावावर होतं. माझ्या वाट्यावर तर मी सही करूनच पाणी सोडलं होतं, भावाचं मन मोडू नये म्हणून. मेलं ते मन!

दयानंद कपाटाला हात लावेना. लहानपणी तो आप्पांच्याच तालमीत कुस्ती खेळला होता. "वस्ताद, गदा तुमीच काढा. माझा हात न्हाई जायचा."

आप्पा उठले. गदा त्यांनी एकट्याने काढली, पोराला कडेवर घेतात तशी छातीशी धरून आतल्या खोलीत नेली. पलंगाखाली ती जाईना. शेवटी दारामागे टेकवून ठेवली, छत्री आणि केरसुणीच्या शेजारी; मातीची वाटीही तिथेच नेऊन ठेवली. पलंगावर पडलेल्या आईने विचारलं, "काय आनलंत?" तिच्या डोळ्यावर पट्टी होती. आप्पा म्हणाले, "काय न्हाई. पड तू."

बाहेर दयानंदने मशीन लावून कपाटाची मागची फळी कापली. फ्रीजची गरम हवा बाहेर जायला वाट लागते म्हणे. फ्रीज आत सरकवला, निळा दिवा लागला. दादा एवढा खूश झाला की त्याने लगेच फोटो काढून कुणाकुणाला पाठवला. दयानंद आप्पांच्या पाया पडला आणि चहा न घेताच गेला.

संध्याकाळी पार्टी आली. तिघं होते, मोठ्या गाडीतून. दादाने आप्पांना मुद्दाम बाहेर बोलावलं. जागा विकताना जुनं घराणं दाखवलं की भाव बरा येतो, हे त्याला बरोबर कळतं. "हे आमचे वडील. एकेकाळचे नावाजलेले पैलवान."

"अरे वा!" त्यातला एक म्हणाला. आप्पांना कपाटाजवळच्या खुर्चीवर बसवलं. मी पापडाचं ताट घेऊन दारात होते. थोड्या वेळाने तोच माणूस म्हणाला, "काका, तुम्ही जवळच आहात. एक बाटली द्याल का जरा?"

दादा उठेल असं मला वाटलं. तो मोबाइलवर प्लॉटचा नकाशा दाखवत होता.

आप्पा गुडघ्यावर हात रेटून उठले. काच उघडली आणि खाली वाकले. आणि त्यांचा उजवा हात आपसूक कप्प्याच्या तळाला, वाटीच्या जागी गेला, बोटं टेकली, कपाळाला लागली.

तिघंही बघत होते. मग तो माणूस खदखदून हसला. "काका, तुम्ही तर आमच्यापेक्षा पक्के भक्त निघालात!"

सगळे हसले. दादाही हसला. माझा सख्खा भाऊ, ज्याने आप्पांना लहानपणापासून आखाड्याच्या मातीला असाच नमस्कार करताना पाहिलं होतं, तो मांडीवर थाप मारून हसला. त्या क्षणी मला त्याची किळस आली. अजून येते.

आप्पांनी त्याच हाताने बाटली काढून दिली. फ्रीजचं दार नीट लावलं. मग सावकाश आत निघून गेले.

सकाळी मी चहा घेऊन त्यांना शोधत होते. हॉलमध्ये नव्हते. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी बसले होते. अंगावर आंघोळीचा ओला पंचा होता. मातीची वाटी शेजारी पालथी पडलेली, माती झेंडूच्या आळ्यात. राख घेऊन ते उजवा हात घासत होते. बोटं, बोटांच्या बेचक्या, तळवा, आणि पुन्हा बोटं. हात लालबुंद झाला होता.

"आप्पा, चहा."

त्यांनी मान वर केली नाही.

"ठेव तितं. हात वला हाय."