एका खांबावर दोन शिड्या

वामनरावांचं तोंड काही केल्या थांबेना. "तार आपली, पैसा आपला, अन् सिनेमा त्या केबलवाल्या गोविंदाचा दाखवायचा? काहून गा?"

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. धरमपेठेत आमच्या घरून केबल चाले. पैसा दोघांचा. एक हे वामनराव, इतवारी बाजारातले भांडेवाले शेटजी. दुसरे माहे भासरे, यांचे मोठे भाऊ मधुकरराव. अन् गच्चीगच्चीवरून तार ओढाले माहा नवरा. पैसा यांचा, जीव आमचा!

गोविंदा पलीकडच्या गल्लीतला केबलवाला. सकाळीच येऊन सरळ बोलला होता, "रुपरावभाऊ, एका तारेतून दोघांचेबी चॅनेल जातात. मी भाडं देतो. मले वेगळी तार टाकाले लावू नका. समोरच्या गल्लीत विजेच्या खांबाशिवाय जागाच नाही."

आमच्या यांले पटलं होतं. मलेबी.

मधुकरराव हळूच म्हणाले, "भाडं घेऊन घेऊ ना. लोकायलेबी दोन सिनेमे भेटतील."

"आज हा आला, उद्या दहा येतील! मग आपण काय तारा पुसत बसाचं? रुपराव, तो पोचाच्या आत समोरच्या गल्लीत आपली तार बांधून टाका. आजच."

भासऱ्यांनी मान खाली घातली. यांनी पक्कड उचलली.

मी दारात आडवी आली. "नका जाऊ ना. मागच्या महिन्यात त्याच खांबावर कावळा चिकटून मेला, तुम्हीच दाखवला मले."

"मी काय कावळा आहो काय?" हसले अन् गेले. हसू खोटं होतं, मले समजलं.

मी चहा टाकला. साखर ओट्यावरच सांडली. खिडकीतून पाह्यलं, तर खांबाले एकीकडून यांची शिडी, दुसरीकडून गोविंदाची. दोघंबी घाईत, अन् डोक्यावर उघड्या तारा. माय वं! आत शेटजी म्हणून राह्यले होते, "चहात अद्रक टाका वं, प्रमोदिनीबाई."

तेवढ्यात पंखा मंदावला. बाहेर चर्रकन आवाज झाला अन् कोणी तरी ओरडलं, "हात सोडा! सोडा हात!"

मी अनवाणी धावली. हे रस्त्यावर पडले होते, तळहात काळा पडला होता. गोविंदानं बांबू मारून यांले तारेपासून सोडवलं होतं. तो छातीले कान लावून रडत होता, "वहिनी, श्वास आहे, श्वास आहे!"

भासऱ्यांनी अन् लोकायनं यांले रिक्षात घातलं. तवा कुठं शेटजी फाटकातून बाहेर आले. खांबाकडे पाहून मले विचारते, "त्याची तार आधी लागली काय?"

"नाही लागली," मी म्हटलं. "शिडी रिकामी आहे. चढा तुम्ही."

शेटजी मागं सरले. मी रिक्षात बसली, यांचं डोकं मांडीवर घेतलं अन् हाका मारत राह्यली. दवाखाना आला तरी यांनी डोळे उघडले नव्हते.